पडद्यामागच्या माणसाची मुले

हॅम्लेट नाटकातला पहिला दरबार भरतो तेव्हा डेन्मार्कच्या नव्या राजापुढे तीन तरुणांची तीन प्रकरणे असतात, आणि क्लॉडियस ती मुरलेल्या मुत्सद्द्याला शोभेल अशा सफाईने एकामागून एक निकालात काढतो. पहिले प्रकरण नॉर्वेच्या फोर्टिन्ब्रासचे. बापाने द्वंद्वात गमावलेला मुलूख परत मिळवण्यासाठी त्याने सरहद्दीवर भाडोत्री फौज जमवायला घेतली आहे. तेव्हा नॉर्वेच्या गादीवर असलेल्या आणि अंथरुणाला खिळलेल्या त्याच्या चुलत्याकडे खलिता देऊन दोन वकिलांची रवानगी होते. दुसरे प्रकरण दरबारचा कारभारी पोलोनियस याच्या मुलाचे, लेआर्टिसचे. राज्यारोहणाच्या सोहळ्यासाठी तो फ्रान्सहून आला होता, आता त्याला परत जाण्याची परवानगी हवी आहे. आणि राजा आठ-नऊ ओळींत चार वेळा त्याचे नाव लाडाने उच्चारून, त्याच्या बापाचा कौल घेऊन, ती देऊन टाकतो. तिसरे प्रकरण हॅम्लेटचे. त्यालाही परतच जायचे आहे, विटेनबर्गच्या विद्यापीठात; पण त्याच्या वाट्याला गोड शब्दांत गुंडाळलेला नकार येतो. काळ्या वस्त्रांतला हा राजपुत्र दरबारात सर्वांत शेवटी बोलतो, म्हणून आपले लक्ष त्याच्यावर खिळते. परंतु कवीने त्याच्या आधी आणखी दोन मुलगे आपल्यापुढून नेले आहेत, आणि त्यांतल्या एकाचा बाप हॅम्लेटच्या बापाच्या हातून मेलेला आहे व दुसऱ्याचा हॅम्लेटच्या हातून मरायचा आहे, ही गोष्ट पहिल्या वाचनात सहसा कुणाच्या ध्यानात राहत नाही.

नायकाच्या शेजारी उभ्या केलेल्या अशा समांतर पात्रांचे प्रयोजन काय, याचे ठरीव उत्तर आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत पाठ केलेले असते. वहीच्या पानाच्या मधोमध रेघ ओढायची, एका बाजूला हॅम्लेट लिहायचे, दुसऱ्या बाजूला लेआर्टिस. इकडे विचार, तिकडे कृती. इकडे संशय, तिकडे निश्चय. आणि खाली निष्कर्ष असा की लेआर्टिसच्या उतावळेपणामुळे हॅम्लेटचा विलंब उठून दिसतो. जडावाच्या कामात खड्याखाली वर्ख घालतात तो खड्याला तेज यावे म्हणून, वर्खाला स्वतःची अशी किंमत नसते; त्यातलाच हा प्रकार, अशी समजूत होऊन बसते. आपल्या साहित्यशास्त्राने प्रतिनायकाची व्यवस्था लावून दिली आहे. परंतु प्रतिनायक हा नायकाचा मार्ग अडवणारा असतो, आणि येथे ज्यांच्याविषयी बोलायचे ते कुणाचा मार्ग अडवण्यासाठी जन्मलेले नाहीत. ते त्याच मार्गावरून, तेवढ्याच ओझ्याने, वेगळ्या चालीने चाललेले असतात. मॅक्बेथबरोबर बँको त्याच माळावर त्याच तीन चेटकिणींची भाकिते ऐकतो. त्यालाही राजवंशाचे आमिष दाखवलेले असते. आणि तरी तो खून करायला उठत नाही. होलिन्शेडच्या ज्या इतिहासावरून शेक्सपिअरने ही कथा घेतली त्यात बँको डंकनच्या हत्येत सामील होता. इंग्लंडच्या गादीवर आलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज समजत असल्यामुळे त्याला सामील ठेवणे परवडणारे नव्हते, हे खरे, परंतु राजाच्या भिडेखातर धुऊन काढलेल्या या पात्रातूनच नाटकाला त्याचा सर्वांत बोचरा प्रश्न मिळाला. तेच भाकीत ऐकून एकाने खंजीर उचलला आणि दुसरा परमेश्वराची प्रार्थना करीत जागा राहिला, म्हणजे मग दोष भाकिताचा कसा म्हणावा?

पण बँकोला मी एवढ्यावरच सोडतो, कारण हॅम्लेटमधला प्रकार याहून गुंतागुंतीचा आहे, आणि तो समजण्यासाठी जुन्या कथेतल्या एका बिननावाच्या माणसाकडे जावे लागते.

बाराव्या-तेराव्या शतकांच्या सांध्यावर साक्सो ग्रामाटिकस नावाच्या डॅनिश विद्वानाने लॅटिनमध्ये आपल्या देशाचा इतिहास लिहिला. त्यात आम्लेथ नावाच्या राजपुत्राची कथा येते. चुलता बापाला मारतो, आईशी लग्न लावतो, मुलगा वेडाचे सोंग घेतो, हे सगळे तेथे आहे. आईच्या महालात मायलेकांचे बोलणे चोरून ऐकण्यासाठी राजाचा एक विश्वासू माणूस लपून बसतो, तोही तेथे आहे. पण पडद्याआड नव्हे, तर जमिनीवर अंथरलेल्या पेंढ्याखाली. आम्लेथ त्याला तलवारीने भोसकतो, त्याचे तुकडे करतो, ते शिजवतो आणि डुकरांपुढे टाकतो. पुढे त्याची चौकशी होते तेव्हा आम्लेथ जे घडले तेच सांगतो आणि वेड्याचे बोलणे म्हणून लोक हसतात. त्या माणसाला नाव नाही. त्याच्यासाठी कुणी रडत नाही, कुणी जाब विचारत नाही, आणि वाचकालाही त्याचे काही वाटत नाही. हेर होता, मेला, कथा पुढे गेली. नॉर्वेचा राजाही त्या कथेत आम्लेथच्या बापाकडून द्वंद्वात मारला जातो, पण त्याच्या सुडासाठी फौज घेऊन निघणारा मुलगा साक्सोने त्याला दिलेला नाही.

शेक्सपिअरच्या नाटकात या दोन्ही मृतांना संतती झाली आहे. साक्सो आणि शेक्सपिअर यांच्या मध्ये एक फ्रेंच रूपांतर आहे, लंडनच्या रंगभूमीवर होऊन गेलेले आणि संहिता हरवलेले एक जुने हॅम्लेटही आहे, तेव्हा या कल्पनेच्या श्रेयाची वाटणी कशी करायची ती विद्वानांनी करावी; माझ्या दृष्टीने महत्त्वाचे ते एवढेच की पेंढ्याखालचा माणूस पडद्यामागे आला तेव्हा त्याला एक नाव, एक पांढरी दाढी, उपदेश करण्याची खोड आणि दोन मुले मिळाली. हा फरक लहान नाही. ज्याला मुले आहेत त्याला मारणारा माणूस, त्याचे स्वतःचे दुःख कितीही थोर असले तरी, कुणाच्या तरी बापाचा मारेकरी ठरतो. पडद्यातून तलवार आरपार गेल्या क्षणापासून हॅम्लेट हा एका कथेचा नायक आणि दुसऱ्या कथेचा क्लॉडियस होतो. त्या दुसऱ्या कथेचे नाटक आपल्यापुढे होत नाही, एवढेच. पण ते चाललेले असते.

या दृष्टीने चौथ्या अंकातला लेआर्टिस पाहावा. पॅरिसहून तो गुपचूप परततो, कानाशी लागणाऱ्यांची बोलणी ऐकतो, जमाव घेऊन राजवाड्यावर चाल करतो. पहारेकरी बाजूला सारले जातात, दारे फुटतात, लोक त्यालाच राजा करा म्हणून ओरडत असतात, आणि हा तरुण क्लॉडियसला सरळ आपल्या बापाचा हिशेब विचारतो. हॅम्लेटला जे महिनोन्महिने साधत नाही, ते याने आल्याबरोबर केले: राजा आणि तो समोरासमोर, मध्ये फक्त राणी. राजनिष्ठा, सदसद्विवेक, परमेश्वरी कृपा, सगळे तो रसातळाला धाडतो. इहलोक आणि परलोक या दोहोंची पर्वा नसल्याचे सांगतो. आणि मृत्यूनंतरच्या त्या अज्ञात प्रदेशाच्या भयाने मनुष्याचे निश्चय कसे पांढरे पडतात, याचा ऊहापोह हॅम्लेटने एक अंक आधीच केलेला असतो. रेघ ओढलेल्या वहीला याहून चांगले खाद्य कोठले मिळणार?

परंतु पुढे काय होते ते पाहा. ज्याने दारे फोडली त्याला वश करायला क्लॉडियसला एक रात्रही लागत नाही. राजा आवाज चढवत नाही. राणीला म्हणतो, सोड त्याला. त्याला मनसोक्त बोलू देतो. मग एकांतात त्याच्या पितृभक्तीला डिवचून विचारतो की तुझे दुःख खरे, की नुसते दुःखाचे चित्र? लेआर्टिस उत्तरतो की मी हॅम्लेटचा गळा देवळातही कापीन. येथे प्रेक्षकाला आधीचा प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही: क्लॉडियस गुडघे टेकून बसलेला, हॅम्लेट त्याच्या पाठीशी तलवार उपसून उभा, आणि तरी वार न करता निघून गेलेला. आता तोच राजा, ज्याचा जीव प्रार्थनेच्या आडोशाने वाचला, लेआर्टिसला शाबासकी देऊन सांगतो की खुनाला कोणत्याही पवित्र जागेचा आश्रय मिळता कामा नये. या वाक्यातला उपहास क्लॉडियसला उमगलेला नाही. तो फक्त आपल्याला दिसतो, आणि तोही दोन मुलगे शेजारी उभे केलेले असल्यामुळेच.

टोक बोथट न केलेली तलवार वापरण्याची मसलत राजाची. पण त्या तलवारीला विष लावण्याची कल्पना लेआर्टिसची स्वतःची आहे, ते विष त्याने एका फिरत्या वैदूकडून आधीच विकत घेऊन ठेवलेले आहे. जो उघड्या दरबारात गर्जत आला, तो अखेर चोरून विष घालणाऱ्याच्या पंगतीला जाऊन बसला. आणि चोरून विष घालणे ही या नाटकात क्लॉडियसची खूण आहे. हॅम्लेटने विचार न करता झटकन उठावे अशी ज्यांची इच्छा असते, त्यांना कवीने हे उत्तर करून दाखवले आहे: झटकन उठणारा मुलगा तुम्हांला हवा होता, हा घ्या, पाहा तो कुणाच्या हातातले हत्यार झाला. आपल्या सौप्तिकपर्वात अश्वत्थामाही असाच बापाच्या अन्याय्य वधाने पेटून उठतो, परंतु त्या रात्री त्याच्याजवळ, सकाळपर्यंत थांब, झोपलेल्यांवर शस्त्र उचलू नकोस, असे सांगणारे कृपाचार्य तरी असतात. त्यांचे तो ऐकत नाही ही गोष्ट वेगळी. लेआर्टिसला कृपाचार्य नाहीत. त्याला क्लॉडियस आहे.

येथवर ऐकून कुणी म्हणेल की मग हॅम्लेटचा विलंब हाच शहाणपणा ठरला. तसेही नाही, आणि म्हणूनच मला ती दोन रकान्यांची वही नकोशी वाटते. प्रार्थनेला बसलेल्या राजाला हॅम्लेट सोडतो तो दयेने नव्हे; या अवस्थेत मेला तर स्वर्गाला जाईल, तेव्हा पापात रंगलेला असताना गाठून याच्या आत्म्यालाही नरकात लोटीन, असा त्याचा हिशेब आहे. देवळात गळा कापण्याचा लेआर्टिसचा निर्धार या हिशेबापुढे बालिश वाटतो. आणि त्यानंतर काही क्षणांतच, आईच्या महालात, पडदा हलताच हाच चिंतनशील राजपुत्र आत कोण आहे हे न पाहता तलवार खुपसतो. विलंबासाठी प्रसिद्ध असलेल्या या माणसाने नाटकातले सर्वांत घाईचे कृत्य केले ते नेमके लेआर्टिसच्या बापाच्या बाबतीत. ज्या क्षणी हॅम्लेट सर्वांत जास्त लेआर्टिससारखा वागतो, त्याच क्षणातून सूड घेणारा लेआर्टिस जन्माला येतो. मधली रेघ तेथे पुसली जाते.

एका हौशी संघाच्या प्रयोगानंतर लेआर्टिसची भूमिका केलेल्या एका गृहस्थांशी माझे बोलणे झाले होते. दिवसा कचेरीत कारकुनी आणि संध्याकाळी तालमी करणारा हा माणूस. पहिल्या अंकात बहिणीला उपदेश करून आणि बापाचा उपदेश ऐकून लेआर्टिस जो जातो, तो एकदम चौथ्या अंकात उगवतो. मधला सगळा वेळ नटाने रंग लावून रंगपटात बसायचे. ते म्हणाले, “सुरुवातीच्या तालमींना मी विंगेत उभा राहून हॅम्लेटची स्वगते ऐकत असे. मग दिग्दर्शकांना सांगितले, मला लांब बसू द्या. अहो, लेआर्टिसने ती कुठे ऐकलीत? मी ती ऐकली तर मला त्याच्यावर तलवार उचलता येत नाही.” हे बोलताना ते कानामागचा रंग खोबरेल लावलेल्या कापडाने पुशीत होते, आणि आपण काही विशेष बोललो असे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत नव्हते. पण लेआर्टिसवर वाचलेल्या कित्येक पानांपेक्षा मला त्या दोन वाक्यांनी अधिक दिले. हॅम्लेटवर आपण प्रेम करतो ते त्याच्या स्वगतांमुळे. आणि ती स्वगते नाटकातल्या कोणालाच ऐकू येत नाहीत. लेआर्टिसला दिसतो तो एक विक्षिप्त राजपुत्र, ज्याने बहिणीशी प्रेमाचा खेळ केला, बापाला भोसकले आणि प्रेत दडवून ठेवले. त्या राजपुत्राच्या अंतरंगाची कैफियत त्याच्यापुढे कधी वाचली जात नाही.

लेआर्टिसची बाजू आपल्या नजरेआड राहते, याला मराठी रंगभूमीवर हे नाटक ज्या वाटेने आले तीही कारण असावी. डोंगरीच्या तुरुंगात १८८२ साली टिळकांसमवेत १०१ दिवस काढीत असताना आगरकरांनी हॅम्लेटचे भाषांतर हाती घेतले, ते १८८३ साली ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले, आणि पुढे शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोश्यांनी त्यातल्या चंद्रसेनाला, म्हणजे हॅम्लेटला, अशी काही कीर्ती मिळवून दिली की लोक नाटकाला जात ते चंद्रसेनाला पाहायला. (एकाच कोठडीतल्या त्या दोन मित्रांचा पुढचा इतिहास पाहिला म्हणजे समांतर पात्रे योजण्याची हौस केवळ नाटककारांनाच नसते असे वाटते, पण तो विषय वेगळा.) एका महान नटाभोवती नाटक उभे राहिले की शेजारची पात्रे आपोआप मागे सरकतात, त्यांची भाषणे छाटली जातात, आणि ती खरोखरच खड्याखालचा वर्ख होऊन बसतात. हे केवळ आपल्याकडे झाले असे नाही. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४८ साली काढलेल्या चित्रपटाच्या आरंभी, मनाचा निश्चय न करू शकलेल्या माणसाची ही शोकांतिका आहे, असे निवेदन येते, आणि त्याच चित्रपटातून फोर्टिन्ब्रास समूळ वगळला आहे. मला या दोन गोष्टी एकाच वृत्तीतून निघालेल्या दिसतात: निदान जितके सोपे, तितकी तुलनेची माणसे कमी लागतात.

फोर्टिन्ब्रासला वगळणे सोपे आहे खरे. तो दोनदाच दिसतो आणि थोडे बोलतो. पण त्याच्याभोवती कवीने घातलेले वेढे पाहिले म्हणजे थक्क व्हायला होते. त्याचेही नाव बापाचेच, हॅम्लेटप्रमाणे. त्याचाही बाप मेलेला आणि गादीवर चुलता. आणि पाचव्या अंकात कबर खणणारा माणूस कवट्या उकरता उकरता सहज सांगून जातो की थोरल्या हॅम्लेटने थोरल्या फोर्टिन्ब्रासला ज्या दिवशी मारले, त्याच दिवशी धाकटा हॅम्लेट जन्मला. म्हणजे नायकाच्या जन्माचा दिवस हा दुसऱ्या मुलाच्या पितृवियोगाचा दिवस. एकाच्या घरी बारसे, दुसऱ्याच्या घरी सुतक. हे ऐकून हॅम्लेट काहीही बोलत नाही, विषय पुढे सरकतो. इतकी मोठी गोष्ट इतक्या हलक्या हाताने आणि इतक्या उशिरा सांगण्याचे धैर्य थोड्याच लेखकांत असते.

चौथ्या अंकात इंग्लंडला पाठवला जात असताना हॅम्लेटला फोर्टिन्ब्रासची फौज दिसते. पोलंडमधल्या एका तुकड्यासाठी ती चालली आहे. ती जमीन पाच मोहरांच्या खंडानेही आपण कसायला घेणार नाही, असे त्या फौजेतलाच सरदार सांगतो. त्यावर हॅम्लेट स्वतःची निर्भर्त्सना करतो: वीस हजार माणसे कीर्तीच्या भ्रमापायी बिछान्यावर जावे तशी कबरेत चालली आहेत, मेलेल्यांना पुरायलाही पुरणार नाही एवढ्या जमिनीसाठी लढायला, आणि मी मात्र स्वस्थ. त्याला वाटते की आपण फोर्टिन्ब्रासचा कित्ता गिरवावा. पण त्याने स्वतःच वापरलेले शब्द त्याच्या निष्कर्षाविरुद्ध साक्ष देतात. वीस हजारांचा निष्फळ मृत्यू इतका स्पष्ट पाहणाऱ्या माणसाला त्या सेनापतीचा मत्सर वाटावा, यातच त्याच्या मनाची दशा कळते. समांतर पात्र पाहून नायक स्वतःविषयी जो निर्णय देतो, तो आपण मान्य करावा असे कवीचे म्हणणे असेलच असे नाही.

आता यातली एक मौज सांगतो, जी या नाटकाच्या जुन्या छापील प्रती शेजारी ठेवल्या म्हणजे दिसते. फोर्टिन्ब्रासशी स्वतःची तुलना करणारे हे स्वगत १६०४-०५ च्या क्वार्टो प्रतीत आहे, पण शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर १६२३ साली निघालेल्या फोलिओत ते नाही. उलट, शेवटच्या अंकात हॅम्लेट आपल्या मित्राला, होरेशिओला, म्हणतो की लेआर्टिसशी मी वागलो त्याचे मला वाईट वाटते, कारण माझ्या प्रकरणाच्या प्रतिमेत मला त्याच्या प्रकरणाचे चित्र दिसते. आणि हे वाक्य फोलिओत आहे, क्वार्टोत नाही. म्हणजे एका प्रतीतला हॅम्लेट फोर्टिन्ब्रासकडे पाहून स्वतःला हिणवतो, आणि दुसऱ्या प्रतीतला लेआर्टिसकडे पाहून त्याच्या दुःखात स्वतःचे दुःख ओळखतो. आजच्या आवृत्त्यांत दोन्ही एकत्र छापलेली असतात, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. मला निवड करायला सांगितली तर मी, ते भव्य स्वगत गमावूनही, फोलिओ घेईन. जो कित्ता समोर ठेवायचा त्याला पाहून खंतावणे हे कुणालाही जमते. ज्याचे आपण नुकसान केले त्याच्यात स्वतःला पाहणे हे अवघड, आणि हॅम्लेटला ते जमेपर्यंत पाचवा अंक उजाडतो.

होरेशिओविषयी फार लिहीत नाही. तो विकारांच्या अधीन न होणारा, सुखदुःखे समान मानणारा मित्र आहे, हॅम्लेटला त्याच्याविषयी आदर आहे, आणि त्याच्या समतोलपणाला नाटकात फारसे काम नाही. मात्र एक गोष्ट नजरेआड होऊ नये. मरता मरता हॅम्लेट आपली कहाणी जगाला सांगण्याचे काम त्याच्यावर सोपवतो, आणि तो ज्या बखरीचा मसुदा तेथल्या तेथे ऐकवतो त्यात रक्तपात, अनैसर्गिक कृत्ये, चुकून झालेल्या हत्या, उलटलेले डाव एवढेच आहे. विंगेपासून लांब बसणाऱ्या त्या लेआर्टिसइतकाच होरेशिओही स्वगतांपासून लांब होता. ती बखर ऐकून फोर्टिन्ब्रास हॅम्लेटला शिपाईगिरीच्या इतमामाने उचलून न्यायचा हुकूम सोडतो, ही तर सरळ गैरसमजुतीतून आलेली मानवंदना.

या साऱ्यात आपण बाप गमावलेले मुलगे मोजत आलो: हॅम्लेट, लेआर्टिस, फोर्टिन्ब्रास. चोखंदळ टीकाकार त्यांत ट्रॉयच्या कथेतला पिऱ्हस घालून चार करतात, कारण नटांकडून हॅम्लेट जे भाषण मागून घेतो त्यातही बापाचा सूड घेणारा मुलगाच आहे, आणि त्याचीही तलवार म्हाताऱ्या राजाच्या मस्तकावर क्षणभर थबकते. पडद्यामागच्या माणसाला मात्र दुसरेही अपत्य होते. ऑफिलियाचा बाप मारला गेला आहे, मारेकरी तिचा प्रियकर आहे, आणि प्रेत घाईघाईने, कसलाही मानमरातब न ठेवता पुरले गेले आहे. लेआर्टिस ज्या ज्या गोष्टींसाठी दरबाराला जाब विचारतो त्या सगळ्या तिच्याही आहेत. तिच्या हाती तलवार नाही, पाठीशी जमाव नाही. तिची पत्रे बापाने दरबारात वाचून दाखवली होती, तिला आमिषासारखे पुढे उभे करून राजा आणि बाप आडून ऐकत राहिले होते. तिच्या मालकीचे असे जे काही उरले होते ते बापाबरोबर गेले. तेव्हा ती फुले वाटते. स्मरणासाठी रोझमेरी, पश्चात्तापासाठी सताप, एकेकाला निवडून; आणि व्हायोलेट द्यायची होती पण माझा बाप मेला तेव्हा ती सगळी सुकली, असे सांगते. हॅम्लेटचे वेड हे सोंग आहे, निदान त्याला तसे हवे तेव्हा ते सोडता येते, आणि त्या वेडातली बोलणी धारदार, समोरच्याला कापणारी आहेत. तिच्या वेडातल्या बोलण्याला धार नाही, आणि तरी दरबारातला एकही मनुष्य त्यापुढे स्वस्थ उभा राहू शकत नाही. जगावे की जगू नये या प्रश्नावर त्याने स्वगत केले. तिच्या बाबतीत तोच प्रश्न, ती बुडाली की तिने बुडवून घेतले, अशा पोलिसी चौकशीच्या थाटात, कबर खणणारे दोन गडी थट्टामस्करीत चर्चेला घेतात, आणि धर्मगुरू अर्धेमुर्धे विधी उरकून हात झाडतो. लेआर्टिसपेक्षा, फोर्टिन्ब्रासपेक्षाही हॅम्लेटशेजारी उभी करायची ती हीच, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कारण त्याने ज्या दोन वाटांच्या तोंडाशी उभे राहून नुसते पाहिले, वेड आणि मृत्यू, त्या दोन्ही ती चालून गेली.

अखेरच्या पट्टेबाजीच्या आधी हॅम्लेट लेआर्टिसची भर दरबारात क्षमा मागतो आणि म्हणतो की तुझा अपराध मी नव्हे, माझ्या वेडाने केला. डॉक्टर जॉन्सनला हा बचाव आवडला नव्हता. चांगल्या किंवा शूर माणसाने असत्याचा आसरा घेऊ नये, असे त्याचे म्हणणे. पण ती क्षमा मानल्याचे जो सांगतो त्याच्या हाती येणारी तलवार विषारी आहे, तेव्हा त्या घटकेला दोघेही सारखेच खोटे बोलत असतात. लेआर्टिस मध्येच स्वतःशी पुटपुटतो की हे माझ्या मनाला पटत नाही. हॅम्लेटच्या विचारांचा एक कण त्याच्यात शिरतो तो वार करण्याआधी जेमतेम एक क्षण, आणि वार तर तो करतोच. मग तलवारी बदलल्या जातात, दोघांनाही तेच विष लागते, आणि मरता मरता लेआर्टिसच पहिल्यांदा खरे बोलतो: कटाचा सूत्रधार राजा आहे हे सांगतो, आणि हॅम्लेटशी क्षमेची देवघेव करतो. माझ्या आणि माझ्या बापाच्या मृत्यूचा दोष तुला नको, तुझ्या मृत्यूचा मला नको, अशी ती फारकत आहे. हॅम्लेट आपल्या परीने त्याला मोकळे करतो आणि थोड्या वेळाने स्वतः मरतो. त्या फारकतीत बाप आहे, मुलगा आहे, मित्रत्वाने मरणारा शत्रू आहे. आदल्याच प्रवेशात जिच्या कबरेत उतरून हे दोघे एकमेकांचे गळे धरीत होते, तिचे नाव या शेवटच्या प्रवेशात दोघांपैकी कुणीही घेत नाही.